दादाच्या बुलेटला रघूचं चाक

या सदरातले गूढ अनुभव मी वाचतो ते निव्वळ करमणूक म्हणून, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे खरं तर बायको मोठ्याने वाचते, मी मध्येमध्ये हसतो, ती चिडते आणि अंक मिटून स्वयंपाकघरात जाते. माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला गेली. जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, मापात बसला तर पास, नाही तर लाल रंग लावून बाजूला. 'साहेब, थोडक्यात गेलंय, चालवून घ्या' म्हणणाऱ्यांचं आणि माझं कधी जमलं नाही.

त्यातून आमचं घर दापोडीतलं, बौद्ध. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून अंगात येणं, उतारा, नजर काढणं या सगळ्याला आमच्या दारात मज्जाव. शेजारची म्हातारी 'पोराला दृष्ट लागली' असं नुसतं म्हणाली तरी बाबा तिला बसवून घ्यायचे, चहा पाजायचे आणि अर्धा तास समजावून सांगायचे. म्हातारी चहासाठी परत यायची ती वेगळी गोष्ट.

अशा घरातला मी. त्यामुळे जे खाली लिहितोय ते इतकी वर्षं बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आता अंक घरी आला की कळेलच तिला...

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली, म्हणजे १९७७ मधली गोष्ट. माझा थोरला भाऊ वसंत, आमचा दादा, पिंपरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होता. त्याच्याच खात्यात रघू. रघू चाकणजवळच्या एका खेड्यातला, घरी कांदा-बटाट्याची शेती. कंपनीत येऊन कितीतरी वर्षं झाली तरी त्याची बोली काही बदलली नव्हती. या दोघांना एकच वेड — मोटारसायकलवरून लांब जायचं. कंपनीला सुट्टी लागली रे लागली की हे निघालेच. गोवा झालं, बदामी झालं, एकदा तर पार कन्याकुमारीला जाऊन आले आणि आठवडाभर दोघांनाही धड बसता येत नव्हतं.

दादाकडे सेकंडहँड बुलेट होती. रघूकडे देहूरोडला लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी इंग्लिश गाडी. तिला सगळे 'डिस्पोजल' म्हणायचे. रघूने तिला चांदीचा रंग मारला होता, पण कुठेही जरा खरवडलं की आतून लष्करी हिरवा निघायचा.

त्या दिवसांत टायर मिळवायचा म्हणजे मोठा खटाटोप. नंबर लावा, ओळख काढा, वाट बघा. त्यामुळे दोघांत मिळून पुढचं बरं चाक एकच असायचं. मग त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की ज्याचा प्रवास लांबचा, त्याला चांगलं चाक. दोन्ही गाड्यांची रिम एका मापाची, पण बाकी सगळं निराळं. हबची रुंदी निराळी, अॅक्सल निराळा. दादाने त्यासाठी लेथवर खास बुश, म्हणजे अॅक्सलवर बसणाऱ्या लोखंडी नळ्या, काढून घेतले होते आणि ब्रेकच्या प्लेटला एक कान वेल्ड करून घेतला होता. ते जोडले की याचं चाक त्याला आणि त्याचं याला बसायचं. स्पीडोमीटरची केबल तेवढी जुळायची नाही, ती सुतळीने बांधून ठेवायची.

मला हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. "या गाडीचं चाक त्या गाडीला, हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये लिहिलंय?" असं मी दर वेळी म्हणायचो. दादा नट आवळत राहायचा. रघू मात्र हसायचा.

"पकूभाऊ," तो म्हणायचा, "चाकाला काय ठावं कुणाची गाडी हाय ती? त्याला फिरायचं म्हाईत."

त्या मे महिन्यात रघूचं लग्न ठरलं होतं. मुलगी मंचरकडची, नाव शालन. लग्न झाल्यावर असं उंडारता येणार नाही म्हणून रघूने शेवटची एक टूर काढली — नाशिक आणि पुढे सापुतारा. दादाला रजा मिळाली नाही, ओव्हरटाइम चालू होता. मग आमच्या चाळीसमोर चाकांची अदलाबदल झाली. दादाच्या बुलेटचं चाक, नवा टायर असलेलं, रघूच्या डिस्पोजलला गेलं. रघूचं गुळगुळीत टायरचं चाक दादाच्या बुलेटला आलं. दापोडी ते पिंपरी जायला ते पुष्कळ होतं. रघू गुरुवारी गेला. रविवारी परत येणार होता, आणि पुढच्या शुक्रवारी हळद.

रविवारी तो आला नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी आम्ही त्याच्या गावी गेलो तर दारात मांडवाचे वासे येऊन पडलेले आणि त्यांना कोणी हात लावलेला नव्हता. ओसरीवर शालनचे वडील बसले होते. रागावलेला माणूस ओरडतो तरी, हे अगदी हळू बोलत होते.

"पोरगं पळालं असंल तर तसं सांगा," ते रघूच्या वडिलांना म्हणाले. "आमी पत्रिका वाटल्यात. उंद्या सांजच्यापतूर आलं न्हाई, तर त्याच मांडवात दुसरा नवरदेव उभा करतो. माझी पोर मी बसवून ठेवायचो न्हाई."

"रघू पळणारा नाही, काका," दादा म्हणाला.

"मंग कुठं हाय?"

रघूची आई दाराआड उभी होती, तिने पदराने तोंड दाबलं. मला तिच्याकडे बघवेना.

बुधवारी सकाळी दादा आणि मी बुलेटवर निघालो. माझी सेकंड शिफ्ट होती, तोवर परत येऊ म्हणून मी मागे बसलो. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चाकण. चाकण सोडल्यावर खेडच्या अलीकडे एका ठिकाणी दादा म्हणाला, "पक्या, हँडल डावीकडं जातंय रे."

"रस्त्याला उतार असतो कडेला," मी म्हणालो. "त्यात ते फाटकं चाक."

दादाने मान डोलावली. गोष्ट तिथेच संपली.

मंचरपर्यंत कोणाला काही माहीत नव्हतं. नारायणगावात एका हॉटेलवाल्याने मात्र गाडीचं वर्णन ऐकताच ओळखलं. चांदीच्या रंगाची, धडधड आवाजाची? हो, रविवारी दुपारी आला होता. दोन ग्लास ताक प्यायला आणि पुण्याच्या बाजूला गेला. 'येत्या शनवारी लगीन हाय माझं, या' असं आवतणही देऊन गेला म्हणे.

दादाने माझा हात एकदम घट्ट धरला. रघू पळाला नव्हता, तो घरी यायला निघाला होता. आणि मग लगेच दुसरा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला. घरी निघालेला माणूस तीन दिवस घरी पोहोचत नाही याचा अर्थ काय, ते सांगायला लागत नाही.

परत येताना आम्ही प्रत्येक पंक्चरवाल्याकडे थांबलो. पुलाखाली उतरून बघितलं. खेडला पोलिसांकडे गेलो, दवाखान्यात गेलो. अपघाताची काही खबर नव्हती. खेडच्या पुढे तर ती गाडी पाहिलेला एकही माणूस भेटेना. ऊन नुसतं भाजत होतं. मला तर आशाच उरली नव्हती, खोटं कशाला सांगू. माझ्या डोक्यात शिफ्टचे विचार यायला लागले होते.

खेड मागे टाकल्यावर काही वेळाने बुलेट उजवीकडे जायला लागली.

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं इथेच आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. त्यामुळे गाडीत काही खोट असेल, हवा कमी असेल, तर गाडी डावीकडे ओढते, उताराला. उजवीकडे म्हणजे चढावर. हँडल चढावर कशाला जाईल?

"दादा, नीट चालव," मी म्हणालो.

"मी काही करत नाहीये."

त्याने गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली. पुढचं चाक उचलून फिरवलं, स्पोक वाजवून पाहिले, हवा दाबून पाहिली, अॅक्सलचा नट तपासला. मीही वाकून बघितलं. काही नव्हतं. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. एक कच्चा रस्ता उजव्या हाताला फुटत होता, भामा नदीच्या खोऱ्याकडे जाणारा, बैलगाडीच्या चाकोऱ्यांचा. हँडल त्याच्याकडे वळत होतं. दादाने जोर लावून गाडी सरळ ठेवली आणि आम्ही तो फाटा ओलांडला. ओलांडल्यावर ओढ गेली. एकदम गेली, जणू कधी नव्हतीच.

"झालं ना," मी म्हणालो. "आता सरळ चल."

दादाने गाडी थांबवली, वळवली आणि मागे नेली. पुन्हा पुण्याच्या दिशेने त्याच तुकड्यावरून आला. हँडल पुन्हा उजवीकडे. सकाळी जाताना डावीकडे ओढलं होतं ते हेच ठिकाण, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मला भीती नाही वाटली. मला राग आला. मापात न बसणारा जॉब हातात आला की यायचा तसा.

"सरळ चल, दादा," मी म्हणालो. "सरळ चल. उशीर होतोय."

दादाने वेग कमी केला आणि हँडलवरचे दोन्ही हात उचलले. मी मागून त्याच्या खांद्यावरून बघत होतो. हँडल सावकाश, कोणी नीट विचार करून वळवावं तसं उजवीकडे वळलं आणि आम्ही कच्च्या रस्त्याला लागलो.

"त्याला जायचंय तिकडं जाऊ दे," दादा म्हणाला. एवढंच.

पुढे ओढ नव्हती. बाभळीतून, खडकांतून बराच वेळ गेल्यावर नदीच्या अंगाला चार-पाच झोपड्यांची वाडी लागली. कर्ती माणसं हंगामापुरती लांबच्या वीटभट्टीवर गेलेली, मागे म्हातारी माणसं आणि पोरं. गाडीचा आवाज ऐकून एक म्हातारी बाहेर आली. आम्ही काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "गाडीवाल्याचं मानूस का रं तुमी?"

रघू जिवंत होता. उन्हाने जीव नकोसा झाला म्हणून डोहात पोहायला तो इकडे वळला होता आणि उतरणीच्या दगडांवर गाडीसकट गेला होता. पाय मोडला, डोक्याला लागलं. वाडीतल्या बायकांनी त्याला उचलून आणलं, पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, डोक्याला कसला तरी पाला लावला. पण तापात त्याला नाव-गाव काही सांगता येत नव्हतं, आणि वाडीत निरोप घेऊन जाणारं कोणी नव्हतं.

"दोन दिस नुसता पडून हुता," म्हातारी सांगत होती. "आज सकाळधरनं ह्ये लागलंय बघा."

आणि तिने करून दाखवलं. दोन्ही हात पुढे, दोन्ही मुठी आवळलेल्या, एकमेकींपासून लांब. हँडल धरावं तशा.

"आन आत्ता थोड्या येळापूर्वी तर लईच जोर. आमी दोघी हात धरतोय तरी हटंना. असा ह्या अंगाला."

तिच्या मुठी उजवीकडे वळल्या.

आम्ही आत गेलो. रघू बाजेवर पडला होता, डोळे मिटलेले, चेहरा सुकून गेलेला. मुठी छातीच्या वर, हवेत. दादा त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला, "रघ्या." तशा त्या मुठी सुटल्या आणि हात खाली पडले. दादा मोठ्याने रडला. माझा भाऊ रडलेला मी त्याआधी पाहिलेला नव्हता, आणि मग मीही लाज सोडून रडलो.

पुढचं सगळं साधं. जवळच्या गावातून आणलेल्या बैलगाडीतून रघूला मोठ्या रस्त्यावर आणलं, एका ट्रकवाल्याने दवाखान्यात पोहोचवलं. दादा तसाच बुलेटवर मंचरच्या बाजूला गेला, कारण संध्याकाळ व्हायच्या आत शालनच्या घरी पोहोचायचं होतं. तिथे बरीच खडाजंगी झाली म्हणे. भावकीतली माणसं म्हणत होती, लंगडा नवरा कशाला, दुसरा मुलगा तयार आहे. शालन आतून बाहेर आली आणि बापाला म्हणाली, "त्यो पडलाय, पळाल्याला न्हाई. मी थांबते." पावसाळ्याच्या तोंडाशी लग्न झालं. नवरदेवाचा पाय प्लास्टरमध्ये, करवल्यांना चेष्टेला तेवढंच निमित्त.

घरी बाबांनी विचारलं, "सापडला कसा?" दादाने सांगितलं, "विचारत विचारत गेलो." वाडीवरच त्याने मला बजावलं होतं की हँडलचं कोणाला सांगायचं नाही, रघूला तर नाहीच. बाबांनी जन्मभर ज्याच्याशी भांडण मांडलं, ते आपल्याच घरातून सुरू व्हायला नको. मलाही ते पटलं. पण रघूच्या आईला कोणी न सांगताच काय वाटलं कोण जाणे. पोराचं चाक लावलेल्या गाडीने पोराला शोधून आणलं, एवढंच तिला दिसलं असेल. दादा तिच्या घरी गेला तेव्हा तिने पुढच्या चाकाला हळद-कुंकू लावलं आणि रिमवर डोकं टेकलं. दादाला नाही म्हणता आलं नाही.

गाडी तशीच दारात येऊन उभी राहिली. बाबा बाहेर आले. मी म्हटलं, आता व्याख्यान. बाबांनी कुंकू बघितलं, मग आतून ओलं फडकं आणून धुळीने भरलेलं चाक पुसायला बसले. सगळं चाक पुसलं, कुंकवाभोवतीची जागा सोडून.

"राहू दे," ते म्हणाले. "त्या बाईने पोरासाठी लावलंय."

मी गप्प बसणाऱ्यातला नव्हे. पुढच्याच रविवारी चाक काढून, केसाएवढा फरकही दाखवणारं डायल लावून तपासलं. रिम, हब, बेअरिंग, दादाचे बुश, फोर्क, सगळं. एवढ्या जुन्या चाकाच्या मानाने ते फारच खरं, जराही न डगमगता फिरत होतं. मग दादाला घेऊन त्याच फाट्यावर गेलो, जाताना आणि येताना. गाडी नाकासमोर सरळ. नंतरही कितीदा गेलो. पुन्हा कधी काही झालं नाही. शोधायला गेलो म्हणून सापडला, असं मी स्वतःला समजावलं. वाडीवरच्या म्हातारीच्या सांगण्यावर काय जायचं, तापातला माणूस हात हलवणारच, हेही समजावलं. जवळजवळ पटलं होतं मला ते.

मग दोनेक वर्षांनी रघूच्या शेतावर गेलो होतो. बटाट्याची काढणी चाललेली. रघू थोडा लंगडत चालायचा, पण गाडी सुटली नव्हती. दोघांनी चाकं परत बदललीच नव्हती. ज्याला जे आलं ते त्याच्याकडेच राहिलं. बांधावर चहा पीत बसलो असताना तो सहज म्हणाला, "पकूभाऊ, तवा तापात मला एक सपान पडलं हुतं. कुणाला सांगितलं न्हाई, हसतील म्हणून."

"मी हसत नाही," मी म्हणालो, आणि ते खोटं होतं, कारण मी नेहमी हसतो.

"मी गाडीवर हाय. रणरण ऊन. मला उजव्या अंगाला वळायचंय, आन गाडी वळंना. लई जड लागती. हँडलवर माझ्या हाताबरूबर आणिक कुणाचं तरी हात. आन मागं एक मानूस बसल्यालं. त्ये सारखं कानाशी लागलंय — सरळ चल, सरळ चल, उशीर हुतोय. मी म्हणतोय, आरं गप बस की जरा, मी हितं पडलोय!"

मी कप खाली ठेवला.

"कोण होतं मागे?" मी विचारलं.

"त्वांड न्हाई दिसलं," रघू म्हणाला आणि हसायला लागला. "पर किरकिर करायची रीत तुझ्यावानीच हुती बघ."

दादाला मी त्याच संध्याकाळी विचारलं. त्याने रघूला अवाक्षर सांगितलेलं नव्हतं, आणि दादा माझ्याशी खोटं बोलत नाही. त्या रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. याला काय म्हणायचं ते मला आजही कळलेलं नाही. पास करता येत नाही आणि लाल रंग लावून बाजूलाही टाकता येत नाही. कोणा वाचकाला सुचलं तर जरूर कळवा.

दादाच्या मागे बसण्याची वेळ अजूनही येते. रस्त्याबद्दल मी त्याला काही सांगत नाही.